ग्रंथकार माजी विद्यार्थ्यांची यादी करताना

स्मरणिका समितीच्या पहिल्या बैठकीत माझ्या वाट्याला आलेले काम वरकरणी सोपे होते. आपल्या निवासी विद्यालयातून शिकून गेलेल्या ज्या विद्यार्थी-विद्यार्थिनींचे लेखन पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आहे, त्यांची यादी करावयाची. नाव, शाळेतील वर्षे, पुस्तकाचे नाव आणि प्रकाशक असे चार रकाने मी आखले. पहिली काही नावे भराभर लिहून झाली आणि मग लेखणी अडखळली. एका विद्यार्थ्याने आठवीतच शाळा सोडली होती. रजिस्टरात त्याच्या नावासमोर ‘सतत गैरहजर’ एवढाच शेरा आहे, आणि आज त्याचा कथासंग्रह आपल्या ग्रंथालयात आहे. त्याला आपला माजी विद्यार्थी म्हणावे की नाही? एका विद्यार्थिनीने आपल्या कवितांचे पुस्तक स्वतःच्या पगारातून छापून घेतले आहे. तिच्या प्रकाशकाच्या रकान्यात काय लिहावे? आणखी एकाचे लेखन वर्षानुवर्षे नियतकालिकांतून येत आहे, पुस्तक मात्र एकही नाही.

समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी मार्ग सुचविला. “सर, दहावी उत्तीर्ण आणि नामांकित प्रकाशनाचे पुस्तक, एवढाच निकष ठेवा. म्हणजे वाद नको.” सूचना सद्भावनेची होती. परंतु कोणताही निकष आजच्या माणसांना लावण्यापूर्वी तो मागच्या काळाला लावून पाहावा, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याची सवय असते. तसा तो लावून पाहिला तेव्हा माझ्या हाती जे आले ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे. प्रत्यक्ष यादी या स्मरणिकेत अन्यत्र दिली आहे. ती तशी का झाली, हे या लेखावरून वाचकांच्या ध्यानी यावे.

या निकषावर सर्वांत आधी यादीबाहेर जाते ती मुक्ता साळवे. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात चालविलेल्या शाळेची ही मांग समाजातील विद्यार्थिनी. तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध ‘ज्ञानोदय’ या मिशनरी नियतकालिकात १८५५ च्या १५ फेब्रुवारी व १ मार्च अशा दोन अंकांत प्रसिद्ध झाला. जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची पहिली शाळा १८४८ मध्ये उघडली, हे आपल्या येथील पाचवीतला विद्यार्थीही सांगेल. त्या घटनेपासून अवघ्या सात वर्षांत त्यांच्याच शाळेतील एक अस्पृश्य मुलगी छापील मजकुराची लेखिका झाली होती. शाळेने लेखक घडविल्याचे एवढे निखळ उदाहरण एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात मला दुसरे दिसत नाही. परंतु तिचे पुस्तक नाही, कोणत्याही परीक्षेचे प्रमाणपत्र नाही, आणि त्या निबंधानंतर तिने काय लिहिले तेही आपल्या हाती नाही. चार रकान्यांच्या यादीत तिच्या नावासमोर तीन रकाने कोरेच राहतील.

तिने लिहिले काय, हेही पाहण्यासारखे आहे. शाळेत शिकविलेला सुविचार तिने गिरविलेला नाही. वेद ब्राह्मणांचे असतील, आणि ते पाहण्याचाही अधिकार आम्हांला नसेल, तर आमचे धर्मपुस्तक कोणते, असा तिचा सरळ युक्तिवाद आहे. ज्या धर्मात एकालाच सर्व आणि बाकीच्यांना काही नाही, तो धर्म आपला कसा म्हणावा, असा प्रश्न ती देवालाच घालते. पेशवाईत महार-मांगांना तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरले जाई, याची ती आठवण करून देते. उघड्यावर, छपराशिवाय बाळंत होणाऱ्या आपल्या समाजातील स्त्रियांच्या यातना तर तिच्याआधी कोणा मराठी लेखकाच्या नजरेस पडल्याच नव्हत्या. आणि अखेरीस ती आपल्या बांधवांना शिकण्याचे आवाहन करते. माझ्या वर्गात हा निबंध मी दरवर्षी वाचून दाखवितो. वाचन संपल्यावर मुली जो प्रश्न हमखास विचारतात तो असा की, तिला हे लिहू कोणी दिले? तिच्या शिक्षकांच्या थोरवीची मोजदाद करताना मला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिकविणारे पुष्कळ असतात. शिकलेल्या मुलीने धर्मालाच जाब विचारला तरी तिची वही हिसकावून न घेता ती छापखान्याकडे पाठविणारे थोडे असतात.

येथे थोडे विषयांतर करतो. आपण बौद्ध आहोत, आणि निवासी शाळेचा विचार करताना भिक्खुसंघाचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. थेरगाथा आणि थेरीगाथा हे ग्रंथ एका अर्थी संघातील विद्यार्थ्यांचेच लेखन होय. त्यांत कोमेजलेली फुले झाडून काढण्याचे काम करणारा सुनीत आहे, तशीच पाणी भरणारी दासी पुण्णिका आहे. थंडीत नदीवर स्नान करून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला पुण्णिका जो तर्क ऐकविते, त्याची धार मुक्ताच्या निबंधाच्या जातीची आहे. हे दोघेही पूर्वी आपण कोण होतो ते लपवीत नाहीत. संघानेही त्यांच्या गाथा आपल्या शोभेसाठी निवडून-पाखडून घेतल्या नाहीत.

आता बाबासाहेबांकडे येऊ. त्यांच्या शिक्षणाचा कागदोपत्री आरंभ आपल्याला ठाऊक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव इंग्रजी पहिलीच्या रजिस्टरात नोंदले गेले. २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो आणि आपल्याकडेही त्या दिवशी मुले फेरी काढतात. त्या रजिस्टरात नाव आहे, क्रमांक आहे, तारीख आहे. मुलाला वर्गात घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपाई हजर नसेल तर तहान लागूनही पाणी मिळत नसे, हे मात्र त्या रजिस्टरात नाही. ते आपल्याला कळते ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींतून. ते लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपाने छापले. शाळेने आपल्या विद्यार्थ्याची नोंद केली १९०० मध्ये आणि त्या विद्यार्थ्याने केलेली शाळेची नोंद लोकांसमोर आली नव्वद वर्षांनी. इतिहासकाराला दोन्ही कागद लागतात. एकच कागद चौकटीत लावून भिंतीवर टांगला तर इतिहास अर्धाच राहतो.

पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. शाळा सरकारी होती, नामांकित होती. तरी भीमराव फळ्याकडे जाऊ लागताच फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे उचलण्यासाठी मुलांची धावपळ उडे, ही हकीकत चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविली आहे. त्यांना संस्कृत हवे होते, ते नाकारले गेले, आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. या शाळेने आपल्या थोर माजी विद्यार्थ्यांच्या नामावळीत बाबासाहेबांचे नाव अभिमानाने घ्यावे, यात वावगे काही नाही. परंतु त्यांना ग्रंथाची दिशा ज्यांनी दाखविली ते कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शाळेचे नव्हतेच. ते विल्सन हायस्कूलमधील शिक्षक आणि स्वतः मराठी ग्रंथकार. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचीत बसणाऱ्या मुलाशी त्यांनी ओळख करून घेतली आणि सत्कारसभेत स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. हा सत्कार मॅट्रिकच्या यशानिमित्त झाला, असे कीर लिहितात. स्वतः बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी ६ एप्रिल १९५६ रोजी लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख केला आहे. मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून वडिलांचा सत्काराला विरोध होता, हेही ते तेथे सांगतात. तारखेचा हा फरक अभ्यासकांनी जरूर तपासावा. मला त्यातून दिसते ते एवढेच की, एका शाळेच्या शिक्षकाने दुसऱ्या शाळेच्या विद्यार्थ्याला दिलेल्या एका पुस्तकातून अर्धशतकानंतर आपला धम्मग्रंथ उभा राहिला. मग या ग्रंथकाराचे श्रेय नेमके कोणत्या शाळेच्या खात्यावर मांडावयाचे?

संस्कृतचा विषय निघालाच आहे तर नागपूरच्या कुमुद पावडे यांचा उल्लेख येथेच करतो. त्यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) या पुस्तकातील संस्कृत शिकण्याची कहाणी आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. संस्कृत शिकविणारे गोखले गुरुजी जुन्या वळणाचे दिसत. हे आपल्याला शिकवितील की नाही, या धास्तीने त्या वर्गात बसल्या, आणि गुरुजींनी मात्र कोणताही भेद न करता, आस्थेने शिकविले. जी भाषा बाबासाहेबांना शाळेत नाकारली गेली तीच भाषा त्यांच्या एका अनुयायी घरातील मुलगी पुढे एम.ए. होऊन महाविद्यालयात शिकवू लागली. कुमुदताईंनी गुरुजींचे ऋण मोकळेपणाने मानले आहे. त्याच लेखनात, महारणीला संस्कृत कसे येते म्हणून होणाऱ्या कुत्सित कौतुकाचा समाचारही त्यांनी घेतला आहे. आत्मकथनांत शाळेविषयी केवळ तक्रारच असते, असा एक आक्षेप अधूनमधून ऐकू येतो. तो घेणाऱ्यांनी हे पुस्तक वाचलेले नसावे.

उलट बाजूचे उदाहरण ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये आहे. रत्नागिरीच्या प्राथमिक शाळेत गुरुजींनी शेण उचलायला सांगितले. आज माझी पाळी नाही, असे लहानग्या ऊर्मिलेने म्हणताच त्यांनी तिला मारले. ओटीवर आयदाने विणीत बसलेल्या विधवा आईने रस्त्याने जाणाऱ्या त्याच गुरुजींना अडवून जाब विचारला. आईला अक्षरओळख नव्हती. परंतु त्या दिवशी त्या शाळेला जो धडा मिळाला तो कोणत्याही तपासनीसाच्या शेरेबुकात नसेल. या प्रसंगामुळे मुलगी शाळेत टिकली, आणि टिकली म्हणून पुढे लेखिका झाली. लेखिकेच्या घडणीत आईचा वाटा केवढा, आणि शाळेचा केवढा?

औंध संस्थान हे तर या दृष्टीने अभ्यासण्यासारखे क्षेत्र आहे. संस्थान लहान, मुलूख विखुरलेला, परंतु शिक्षणाची आस्था मोठी. दापोलीहून साने गुरुजी काही काळ शिकण्यासाठी औंधला आले ते तेथे कमी खर्चात शिकता येते म्हणून. माणदेशातले ग. दि. माडगूळकरही तेथेच शिकले, आणि ‘गीतरामायण’कर्ते हे कवी मॅट्रिकच्या परीक्षेत मात्र अनुत्तीर्ण झाले. आमच्या समितीचा ‘उत्तीर्ण’ हा निकष येथे गळून पडतो. त्याच संस्थानातील आटपाडीचे शंकरराव खरात. जन्म १९२१, वडील गावचे तराळ. संस्थानच्या शाळांतून शिकून ते पुढे वकील झाले, नामवंत कथाकार झाले आणि मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या त्यांच्या आत्मचरित्रात विहिरीतील कुजलेले प्रेत काढण्यासाठी वडिलांवर झालेल्या जबरदस्तीचा प्रसंग आहे. शाळकरी मुलगा तो पाहत होता. साने गुरुजींचा श्याम, माडगूळकरांचा माणदेश आणि खरातांची तराळकी एकाच मुलखातील शाळांच्या पाटीवरून उमटली. त्या शाळांनी तिघांना तीच बाराखडी शिकविली. घरी जाण्याचा रस्ता मात्र तिघांचा वेगळा होता, आणि लेखन त्या रस्त्यावर घडले.

आपली शाळा निवासी आहे, म्हणून मला वसतिगृहांविषयी जरा अधिक लिहावेसे वाटते. दलित लेखकांच्या चरित्रांत शाळेपेक्षाही ‘बोर्डिंग’ हा शब्द अधिक जिव्हाळ्याने येतो. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. सभेच्या उद्दिष्टांत ग्रंथालये आणि अभ्यासमंडळेही होती. सोलापूरच्या त्या वसतिगृहातील मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालविले, ही नोंद मला फार मोलाची वाटते. ज्यांना दोन वेळच्या अन्नाची आणि निवाऱ्याची सोय नुकतीच लाभली होती त्या मुलांच्या मनात पहिली इच्छा आली ती मासिक काढण्याची. साधारण त्याच दशकात अमळनेरला साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढीत. त्यांचा मार्ग वेगळा होता, त्याविषयी आपले मतभेदही असतील. पण वसतिगृहात वर्तमानपत्र निघावे, ही त्यांची बुद्धी शिक्षकाची होती.

या परंपरेचे मोठे रूप म्हणजे औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९५० मध्ये सुरू केले. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलांना शिक्षणाबरोबर वसतिगृहाचा आधार हवा, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक तेथल्या विद्यार्थ्यांनी रंगभूमीवर आणले. गंगाधर पानतावणे तेथे अध्यापक होते आणि त्यांच्या संपादनाखाली निघालेल्या ‘अस्मितादर्श’ने किती नवलेखकांना पहिली ओळ छापून दाखविली, याची गणती करणे कठीण आहे. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) हे याच परिसराचे अपत्य. आई-बाप लहानपणीच गेलेला, बहिणीच्या आश्रयाने वाढलेला हा मुलगा. पुस्तकाच्या पानापानावर भूक आहे. शाळेचा रस्ता, परीक्षेचा दिवस, पाहुण्याचे घर, सर्व काही आज जेवण मिळणार की नाही या एकाच प्रश्नाभोवती फिरते. हे पुस्तक मी भोजनगृहाचा प्रभारी असताना पुन्हा वाचले, आणि तेव्हापासून उशिरा आलेल्या मुलासाठी वरण-भात झाकून ठेवण्याचा नियम मी कधी मोडू दिला नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) वाचणाऱ्यालाही संगमनेरच्या बोर्डिंगातील दिवस विसरता येत नाहीत. दिवा, ताट आणि झोपण्यापुरती जागा या तीन गोष्टी आधी, आणि साहित्य त्यानंतर. हा क्रम उलटा कोठेच दिसत नाही.

आता ‘नामांकित प्रकाशन’ या दुसऱ्या निकषाकडे वळतो. याविषयी माझ्या मनात एक जुना सल आहे. मी ज्या तालुक्याच्या हायस्कूलमध्ये शिकलो त्या शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला तेव्हा ‘आमचे साहित्यिक’ अशी दोन पाने स्मरणिकेत छापली गेली. आमच्यापुढे दोन इयत्ता असलेल्या, आमच्याच वस्तीतल्या एका कवीचे नाव त्यात नव्हते. त्यांचे तीन संग्रह होते. चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले की, स्वतः छापलेली पुस्तके आम्ही धरली नाहीत. त्याच पानावर संस्थेच्या एका माजी पदाधिकाऱ्यांची सत्कारपुस्तिका मात्र ग्रंथ म्हणून धरली होती. त्या कवींनी स्वतः याविषयी कधी चकार शब्द काढला नाही. पुढे ते वारले. त्यांच्या संग्रहांच्या प्रती मला नागपूरला दीक्षाभूमीच्या परिसरात, रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर मांडलेल्या पुस्तकांत मिळाल्या.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला पुस्तकांची जी दुकाने लागतात, ती ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना आपल्या समाजाचे प्रकाशन म्हणजे काय हे कळणार नाही. तेथे पिवळ्या कागदावरची पुस्तिका असते, गीतांची चोपडी असते, निवृत्त शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधीतून छापलेले आत्मचरित्र असते. भाकरी बांधून आलेली बाई पिशवीतून पैसे काढून पुस्तक विकत घेते. लेखक स्वतःच दुकानात उभा असतो. या लेखनात सर्वच उत्तम असते असे मी म्हणणार नाही. पुष्कळसे घाईचे, अशुद्ध छपाईचे आणि पुनरुक्तीचे असते, आणि आपल्या समीक्षकांनी ते स्पष्ट सांगावयास हवे. परंतु कस लावावयाचा तो लेखनाला. मुखपृष्ठावर कोणत्या पेठेतील प्रकाशकाचे नाव आहे, यावरून तो लावता येत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर ‘शालान्त परीक्षा उत्तीर्ण’ या शब्दांनी फारच मोठा अन्याय होतो. शांताबाई कांबळे शिकून सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका झाल्या आणि ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ त्यांनी सेवानिवृत्तीनंतर लिहिली. नोकरी, घर, मुले हे सर्व आटोपल्यावर हाती आलेला तो वेळ होता. फलटणच्या बेबीताई कांबळे यांना तेवढाही वेळ मिळाला नाही. लहान वयात लग्न झाले, शाळा सुटली. त्या किराणा दुकान चालवीत. पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीचे कागद त्या वाचीत, आणि दुकानातच बसून वहीत लिहीत. ती वही त्यांनी घरच्यांपासून सुमारे वीस वर्षे लपवून ठेवली. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले ते १९८६ मध्ये. महार स्त्रीने आपल्या समाजाचे, आपल्या घरातील पुरुषांच्या जाचासह, इतके निर्भीड चित्र त्यापूर्वी काढले नव्हते.

कोणत्या शाळेने बेबीताईंना आपली ग्रंथकार विद्यार्थिनी म्हणावे? त्यांनी स्वतः मात्र फलटणजवळ निंबुरे येथे वंचित मुलांसाठी निवासी शाळा काढली. ज्या बाईची शाळा सुटली तिने मुलांसाठी शाळा उभी केली, आणि तीही आपल्यासारखीच, मुले मुक्कामी राहून शिकतील अशी. आपल्या शाळेच्या स्मरणिकेत त्यांचा उल्लेख करताना मला संकोच वाटत नाही. त्या आपल्या विद्यार्थिनी नसल्या तरी आपल्या क्षेत्रातील ज्येष्ठ आहेत.

हे सर्व समितीपुढे मांडल्यावर यादीचे स्वरूप बदलले. बदल कोणते झाले ते येथे नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी हे काम करणाऱ्याला पुन्हा वाद घालावा लागणार नाही. आपल्या शाळेत एक वर्षही शिकलेल्या प्रत्येकाला माजी विद्यार्थी मानले आहे. आठवीत शाळा सोडलेल्या त्या कथाकाराचे नाव आता यादीत आहे, आणि त्याच्या नावासमोर ‘घरच्या अडचणीमुळे शाळा सोडावी लागली’ असा खरा शेरा आहे. तो त्याला विचारूनच लिहिला. स्वखर्चाने काढलेल्या पुस्तकापुढे ‘लेखक-प्रकाशित’ असे लिहिले आहे. नियतकालिकांतील लेखन, लोकगीतांची व जलशांची पुस्तिका, भाषांतर, शेतीविषयक माहितीपुस्तिका हे सर्व धरले आहे. मुलींची नावे लग्नानंतर बदलतात म्हणून शाळेतील नावही दिले आहे. नाहीतर पन्नास वर्षांनी कोणा संशोधकाला ती एकच व्यक्ती आहे हे कळणारही नाही.

सर्वांत अधिक चर्चा झाली ती मी सुचविलेल्या पाचव्या रकान्याविषयी. ‘या लेखकाने आपल्या शाळेविषयी काय लिहिले आहे?’ असा तो रकाना आहे. बहुतेकांनी प्रेमाने लिहिले आहे. पहाटेची वंदना, थंडीतले हौदावरचे स्नान, वसतिगृहातील पहिली रात्र, अधीक्षकांच्या कंदिलाचा व्हरांड्यातून सरकणारा उजेड यांविषयी चांगली पाने आहेत. परंतु एका माजी विद्यार्थिनीने आपल्या पुस्तकात लिहिले आहे की, संध्याकाळनंतर ग्रंथालय मुलांसाठी उघडे असे आणि मुलींना मात्र सुरक्षिततेचे कारण सांगून वसतिगृहात पाठविले जाई. वाचावयाचे राहिलेले पुस्तक रात्रभर डोक्यात घोळत राही. हे स्मरणिकेत कशाला, असे एक-दोघांना वाटले. उत्सवाचे दिवस आहेत, हेही खरेच. त्या वर्षी ग्रंथालयाची किल्ली माझ्याकडे होती. ती लिहिते ते खरे आहे, हे मी बैठकीत सांगितले, आणि ती नोंद कायम ठेवण्यात आली. आज मुलींच्या वसतिगृहात वेगळी वाचनखोली आहे. ती कोणाच्या सूचनेवरून झाली, याची नोंद कार्यालयात सापडली नाही. म्हणून ती त्या पाचव्या रकान्यात, तिच्या नावासमोर, मी माझ्या हाताने केली आहे.

यादी अपुरी आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून तिच्या अखेरीस अर्धे पान मुद्दाम कोरे सोडले आहे. ज्यांचे नाव राहिले असेल त्यांनी, किंवा त्यांच्या वर्गमित्रांनी, शाळेच्या ग्रंथालयात कळवावे, आणि शक्य असेल तर पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात. एक वाचनासाठी ठेवली जाईल आणि दुसरी जपून ठेवली जाईल. पुस्तक नसेल आणि केवळ वही असेल, तर वही घेऊन यावे. आपल्या शाळेतील झेरॉक्स यंत्र चालू आहे.